सीताफळाचा गर दिवाळीनंतरही

परसातले सीताफळाचे झाड दसऱ्याच्या सुमारास भरभरून देते, पण फळे एकदम पिकतात आणि दोन-तीन दिवसांत मऊ पडून वाया जाऊ लागतात. झाडावर पिकण्याची वाट पाहिली तर पाखरे आपल्याआधी पोहोचतात. म्हणून फळाचे डोळे उघडून त्यांच्यामधल्या खाचा पिवळसर-पांढऱ्या दिसू लागल्या, की ते देठासकट कापून तांदळाच्या डब्यात पिकत घालावे. कच्चे फळ फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण ते काळे पडते आणि नीट पिकत नाही.

१. पिकलेल्या फळाचा गर चमच्याने काढावा. सालीलगतचा रवाळ थर तसाच सोडावा.

२. गर पातेल्यात घेऊन लाकडी रवीने हलक्या हाताने घुसळावा. बिया सुटून काळ्याभोर चकचकीत दिसू लागल्या, की मोठ्या भोकांच्या चाळणीतून गाळावा.

३. एक वाटी गराला अर्धा चमचा लिंबाचा रस मिसळून, पिशवीतली हवा काढून, तो पातळ थरात फ्रीझरमध्ये ठेवावा. लागेल तेवढाच तुकडा मोडून घेता येतो आणि दोन-तीन महिने स्वाद चांगला राहतो.

हा गर उकळल्यास कडवट होतो, म्हणून बासुंदी पूर्ण थंड झाल्यावरच त्यात घालावा.

बियांसह गर मिक्सरमध्ये कधीही फिरवू नये, कारण बियांचा मगज विषारी असतो आणि त्याची पूड डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते.