नट-नाटककाराची कारकीर्द श्रोत्यांसमोर कशी मांडावी : एम्लिन विल्यम्स यांच्या निमित्ताने

नागपुरातील एखाद्या नाट्यसंस्थेच्या मासिक बैठकीत परदेशी रंगकर्मीचा परिचय करून देण्याचे काम अंगावर आले, की बहुतेक वक्ते जन्मसालापासून सुरुवात करतात आणि मृत्यूच्या तारखेपर्यंत पोहोचेतो अर्धे श्रोते चहाकडे डोळे लावून बसलेले असतात. वेल्समध्ये जन्मलेले एम्लिन विल्यम्स (१९०५–१९८७) यांच्याबाबत हा धोका अधिक आहे, कारण त्यांच्या नावावरील नाटके, चित्रपट आणि पुस्तके यांची यादी लांबलचक आहे. म्हणून तयारी करताना एकच प्रश्न हाती धरावा : या नटाने स्वतःसाठी कोणत्या भूमिका लिहिल्या?

वहीत सालवार तीन रकाने आखावेत : काय लिहिले, काय साकारले, काय दिग्दर्शित केले. ज्या साली एकाहून अधिक रकाने एकाच कलाकृतीने भरतात, तेथे थांबावे. बाकीचे एका वाक्यात आटोपले तरी चालते. बालपणापैकी एवढेच सांगणे पुरेसे आहे, की घरची भाषा वेल्श होती, इंग्रजी नंतर शिकली गेली आणि ग्रेस कुक या शिक्षिकेच्या पाठबळामुळे हा मुलगा शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला पोहोचला. लंडनच्या रंगभूमीवरील त्यांचे पदार्पण १९२७ चे.

पहिला मुक्काम १९३५ चा. ‘नाइट मस्ट फॉल’ या नाटकात डॅनी नावाचा गोडबोल्या तरुण एका चिडखोर वृद्धेच्या घरात शिरतो, तिचा लाडका होतो आणि प्रेक्षकाला मात्र त्याच्या हॅट ठेवायच्या पेटीत काय असावे या शंकेने घेरून टाकतो. डॅनी स्वतः विल्यम्स यांनीच साकारला, लंडनमध्येही आणि पुढे न्यूयॉर्कमध्येही. हे सांगताना टेबलावर एक साधी गोल पेटी ठेवावी आणि ती अखेरपर्यंत उघडू नये. भाषणातील चार परिच्छेद वाचतील.

सर्वाधिक वेळ १९३८ च्या ‘द कॉर्न इज ग्रीन’ला द्यावा. इंग्रज शिक्षिका मिस मॉफट वेल्समधील खाणकामगारांच्या गावी शाळा काढते आणि मॉर्गन इव्हान्स या होतकरू पोराला ऑक्सफर्डच्या परीक्षेपर्यंत नेते, असे हे कथानक आहे. मिस मॉफट हे पात्र कुकबाईंवरून सुचलेले आहे. लंडनच्या प्रयोगात ती भूमिका सिबिल थॉर्नडाइक यांनी केली, तर मॉर्गन झाले ते बत्तीस वर्षांचे विल्यम्स. शिक्षक आणि नाटककार असलेल्या पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांचे नाव आजही आदराने घेणाऱ्या नागपूरकरांना शाळा आणि रंगमंच यांचे नाते समजावून सांगावे लागत नाही, त्यामुळे येथे श्रोते आपणहून जवळ येतात. मात्र हे नाटक म्हणजे आत्मचरित्र असे सांगून मोकळे होऊ नये, कारण मॉर्गनच्या वाट्याला आलेले अनेक प्रसंग नाट्याच्या गरजेतून रचलेले आहेत. त्याचे एखादे वाक्य मराठीत आणायचे झाले तर वाचणाऱ्याच्या तोंडी सहज असलेली वऱ्हाडी किंवा झाडीबोली घ्यावी आणि शिक्षिकेला प्रमाण मराठी द्यावी. पण बोली आली की हशा पिकवायचाच, ही आपल्याकडची सवय येथे घात करते. मॉर्गन हा विनोदी गावकरी नव्हे, तो अपमान गिळून शिकणारा मुलगा आहे.

१९४९ चा ‘द लास्ट डेज ऑफ डॉल्विन’ हा चित्रपट त्यांनी लिहिला, दिग्दर्शित केला आणि त्यात भूमिकाही केली. रिचर्ड बर्टन यांचा तो पहिला चित्रपट. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या वेल्श गावाची ही गोष्ट असल्याने विदर्भातील गोसेखुर्द धरणाचा एका वाक्यात उल्लेख करावा, त्याहून लांबवू नये. अन्य चित्रपटांपैकी ‘द सिटाडेल’ आणि अपूर्ण राहिलेल्या ‘आय, क्लॉडियस’मधील कॅलिग्युला यांची नावे घेतली तरी पुरे.

आता परवानगीविषयी, कारण हौशी संस्था नेमके येथेच दुर्लक्ष करतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, म्हणजे विल्यम्स यांच्या नाटकांवर तो २०४७ च्या अखेरपर्यंत आहे. रसग्रहणाच्या ओघात छोटे अवतरण देता येते. पूर्ण प्रवेश अनुवादून सादर करायचा असेल तर हक्कधारकांची लेखी संमती घ्यावी.

अभिवाचनाची हौस भागवण्यासाठी वेगळा मार्ग विल्यम्स यांनीच दाखवला आहे. १९५१ पासून ते दाढी लावून, चार्ल्स डिकन्सच्या वेशात, डिकन्सच्या मेजासारख्याच मेजामागे उभे राहून त्याच्या कथा-कादंबऱ्यांतील उतारे सादर करू लागले आणि हा एकपात्री प्रयोग त्यांनी अनेक देशांत नेला. डिकन्स १८७० मध्ये वारला असल्याने मूळ मजकूर मुक्त आहे. मराठी अनुवाद मात्र स्वतः करावा, कारण छापील अनुवादावर अनुवादकाचा हक्क असू शकतो. दहा मिनिटांत संपेल असा, दोन-तीन पात्रे बोलत असलेला उतारा निवडावा, तो पाठ करूनही पुस्तक समोर उघडे ठेवावे आणि पात्र बदलताना जागा न सोडता केवळ आवाज, मान व नजर बदलण्याचा सराव करावा. मेज छातीच्या खालीच राहील एवढ्या उंचीचे असावे, अन्यथा मागच्या रांगेला हात दिसत नाहीत.