‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ कसा पाहावा

युनिव्हर्सल स्टुडिओने 1935 साली प्रदर्शित केलेला, जेम्स व्हेल दिग्दर्शित ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ हा चित्रपट दचकायला मिळेल या अपेक्षेने पाहायला बसलात, तर बहुधा निराश व्हाल. नव्वद वर्षांनंतरही लोक तो आवर्जून पाहतात, ते भीतीसाठी नव्हे. पहिल्या भागात केवळ गुरगुरणारा राक्षस येथे बोलायला शिकतो, आणि त्याला शब्द फुटल्यावर त्याच्या एकटेपणाकडे काणाडोळा करणे प्रेक्षकाला जमत नाही. हे सूत्र धरून तो कसा पाहावा, ते पुढे सांगितले आहे. त्यात शेवटही उघड होतो, याची आधीच कल्पना असावी.

प्रथम 1931 चा ‘फ्रँकेन्स्टाइन’ पाहून घ्यावा, शक्यतो आदल्याच रात्री. तो पेटलेल्या पवनचक्कीपाशी संपतो आणि दुसरा भाग तिथूनच, चक्कीखालच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यातून, राक्षसाला वर काढतो. दोन्ही लागोपाठ पाहिले की रंगभूषाकार जॅक पिअर्सची बारकाई नजरेत भरते. राक्षसाचे केस जळालेले आहेत, कातडी होरपळलेली आहे आणि कथा पुढे सरकते तसे केस पुन्हा वाढू लागतात. राक्षस साकारणाऱ्या बोरिस कार्लॉफचे गाल मात्र पूर्वीइतके खोल गेलेले दिसत नाहीत, कारण पहिल्या वेळी त्याने आपल्या कृत्रिम दातांचा भाग काढून ठेवला होता. या वेळी संवाद म्हणायचे असल्याने तो तोंडात ठेवावा लागला. राक्षसाने बोलावे, हेच कार्लॉफला मुळात पसंत नव्हते. त्याचा हा आक्षेप कोणी मानला नाही, हे आपले भाग्यच म्हणायचे. मेरी शेलीची 1818 ची कादंबरी वाचलेली नसली तरी अडत नाही. मात्र राक्षसाने स्वतःसाठी जोडीदारीण मागण्याची कल्पना मूळ कादंबरीतलीच आहे, ती स्टुडिओने गल्ल्यासाठी चिकटवलेली नाही, एवढे लक्षात असू द्यावे.

चित्रपटाची चौकट जवळजवळ चौरस आहे. टीव्ही ती आपोआप ताणून रुंद करत असेल, तर ती सोय बंद करावी आणि दोन्ही बाजूंचे काळे पट्टे खुशाल राहू द्यावेत. खोलीत अंधार हवा.

सुरुवातीला वादळी रात्री कवी बायरन, कवी पर्सी शेली आणि त्याची पत्नी, कादंबरीची लेखिका मेरी गप्पा मारत बसलेले दिसतात. हा भाग पुढे ढकलून पाहण्याचा मोह होईल, पण तसे करू नये, कारण येथे मेरी झालेली एल्सा लँचेस्टरच अखेरीस वधू होऊन येते. श्रेयनामावलीत वधूच्या नावासमोर केवळ प्रश्नचिन्ह आहे. हसू आले तर ते दाबू नये. व्हेलला ते हवेच आहे. वधू घडवण्याचा घाट घालणारा, अर्नेस्ट थेसिजरने साकारलेला डॉक्टर प्रिटोरियस पाहुण्यासमोर जिन ओतताना हाच आपला एकमेव दुबळेपणा असल्याचे सांगतो आणि पुढे तळघरातल्या थडग्यांमध्ये राक्षसाला सिगार देताना सिगारबद्दलही अगदी तेच म्हणतो. समोर प्रेतांतून घडवलेला प्राणी उभा असताना या गृहस्थाचा आदरातिथ्याचा सूर जराही ढळत नाही.

सर्वाधिक सावकाश पाहावा तो आंधळ्या वृद्धाच्या झोपडीतला प्रसंग. व्हायोलिनवर शूबर्टची ‘आवे मारिया’ वाजत असते आणि त्या सुरांनी ओढलेला जखमी राक्षस आत येतो. ज्याला दिसत नाही, तोच एकटा त्याला घाबरत नाही. वृद्ध देवाचे आभार मानतो, राक्षसाच्या गालावरून अश्रू ओघळतो आणि दृश्य काळोखात विरल्यावरही भिंतीवरचा क्रूस क्षणभर उजळलेला राहतो. मग शिकवणी सुरू होते: भाकरी, मद्य, मित्र, चांगले, वाईट. कार्लॉफ प्रत्येक शब्द चव घेतल्यासारखा उच्चारतो. मेल ब्रुक्सने 1974 च्या ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’मध्ये याच प्रसंगाची यथेच्छ टिंगल केली आहे, ती आधी पाहिली असेल, तर पहिल्या वेळी ती आठवून हसून घ्यावे आणि प्रसंग पुन्हा लावावा. दुसऱ्या वेळी तो बरोबर भिडतो.

वधूनिर्मितीचा प्रसंगही दोनदा अनुभवावा. एकदा डोळे उघडे ठेवून: तिरपे कॅमेरे, ठिणग्या उडवणारी यंत्रे, वीज खाली आणण्यासाठी वादळात सोडलेले पतंग. दुसऱ्यांदा डोळे मिटून, म्हणजे फ्रांझ वॅक्समनच्या संगीतात हृदयाच्या ठोक्यांसारखा घुमणारा नगारा ऐकू येईल. वधू उभी राहताच वॅक्समन लग्नघंटा वाजवतो, यातला खवचटपणा सुटू देऊ नये. वधू पडद्यावर जेमतेम काही मिनिटेच असते. तिचे झटके देत मान वळवणे पाहावे आणि फुत्कारही नीट ऐकावेत. ते आपण लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या हंसांवरून उचलल्याचे लँचेस्टरने सांगितले आहे. तिच्या किंचाळण्यानंतर राक्षसाचा चेहरा पाहावा. नकार कळण्याइतकी भाषा आता त्याच्यापाशी आहे.

शेवटी तो आपला निर्माता हेन्री फ्रँकेन्स्टाइन आणि त्याची पत्नी एलिझाबेथ यांना जाऊ देतो, वधू व प्रिटोरियस यांच्यासह स्वतः मागे राहतो आणि कळ ओढतो. कोसळत्या प्रयोगशाळेचे चित्र येथे थांबवून पाहिल्यास सुटून गेलेला हेन्री आतच उभा दिसतो, कारण मूळ शेवटात तोही मरणार होता आणि बदललेला शेवट नंतर चित्रित झाला. त्यानंतरचा 1939 चा ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ लगेच लावू नये. कार्लॉफ त्यात आहे, पण राक्षस पुन्हा मुका झाला आहे.