कॅराव्हॅन आणि ती ओढणारी गाडी निवडताना या चुका टाळा

कॅराव्हॅन म्हणजे गाडीमागं जोडून ओढायचं चाकांवरचं घर. ते बघायला गेलेलं बिऱ्हाड आधी पलंगावर बसून बघतं, मग ओटा, मग संडासाचं दार उघडून मान डोलावतं. पुढं, गाडीला जोडायच्या दांडीजवळ वाकून वजनाची पाटी वाचणारा विरळाच. निम्मी दुखणी इथंच सुरू होतात. घर पसंत, बयाणा दिला, आणि मग ते ओढायला कोणती गाडी लागेल याची चौकशी. हा क्रम उलटा करा. दारात जी गाडी उभी आहे तिला किती झेपतं ते आधी काढा आणि त्या आकड्यात बसणारं घर शोधा.

आकडा गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत असतो. बहुतेकांकडं ती अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून असते. आपल्याकडच्या अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढण्याचा आकडा सापडतच नाही. अशा वेळी ‘इंजिन दणकट आहे, ओढेल की’ हा शोरूममधल्या पोराचा शब्द धरू नका, कंपनीकडून लेखी घ्या. ओढायचं काम इंजिन करेलही; थांबवायचं काम ब्रेकचं आणि वजन पेलायचं काम मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं असतं. ब्रिटनमध्ये नवख्याला सांगतात की भरलेली कॅराव्हॅन ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. ज्याला खंबाटकी आणि पसरणी चढायची-उतरायची आहे, त्यानं यापेक्षा सैल हिशेब करू नये.

गाडी निवडायची असेल तर मागच्या चाकांवर चालणारी, लॅडर चासीची, म्हणजे शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर बांधलेली बघा. बोलेरो, स्कॉर्पिओ या जातीच्या. कॅराव्हॅनचा भार मागं पडतो आणि पुढची चाकं हलकी होतात. पुढच्या चाकांवर चालणारी छोटी एसयूव्ही ओल्या चढावर तिथंच चाकं फिरवत बसते.

रिकाम्या वजनावर भुलणं

विकणारा नेहमी रिकामं वजन सांगतो. समजा पाटीवर रिकामं ९५० आणि भरून कमाल १३०० किलो आहे. म्हणजे तुमच्या हाती फक्त ३५०. त्यातली पाण्याची ८० लिटरची टाकी भरली की ८० किलो गेले. १०० अँपिअर-अवरच्या दोन साध्या लेड-ॲसिड बॅटऱ्या ६० किलोच्या आसपास खातात. मग छतावर बसवलेला एसी, गॅस, बाहेर ताणायचं छप्पर, खुर्च्या, अंथरुणं. शिवाय आपली माणसं ज्वारीच्या पिठाचा डबा, चटण्या आणि कांद्याचं पोतं घेतल्याशिवाय निघत नाहीत, आणि आई शेवटच्या क्षणी ‘असू दे, वाटेत लागतं’ म्हणून जे आत सरकवते ते कुणी मोजत नाही.

म्हणून काट्यावर जा. सातारा-सांगलीत काट्याला तोटा नाही. मार्केट यार्डात आहे, महामार्गाच्या कडेला आहे, साखर कारखान्यावर आहे. गळीत हंगामात कारखान्याच्या काट्याकडं फिरकू नका, उसाच्या रांगेत दिवस जाईल. सगळं सामान भरून, टाक्या फुल्ल करून, घरच्यांना गाडीत बसवून तीन पावत्या घ्या: जोडलेल्या दोघींची मिळून एक, सोडवलेल्या कॅराव्हॅनची एक, आणि जोडलेल्या अवस्थेत गाडीची फक्त मागची चाकं काट्यावर घेऊन एक. ही तिसरी पावती बहुतेक जण घेत नाहीत आणि गडबड नेमकी तिथंच सापडते. दांडीचा भार गाडीच्या स्वतःच्या भारक्षमतेतून वजा होतो. सहा माणसं, टपावरचा कॅरिअर आणि वर हा भार म्हटल्यावर मागचा आस कधी मर्यादा ओलांडतो ते कळतही नाही. रात्री समोरचे लोक उगाच डिपर मारायला लागले तर समजा, मागून गाडी बसलीय आणि तुमचे दिवे आभाळाकडं बघताहेत.

उलाळ गाडी

बैलगाडीत माल मागं जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलांच्या मानेला फास लागतो. पुढं जास्त झाला तर धुरजड, मग बैलांची मान दबते. कॅराव्हॅनचं गणित हेच आहे. फरक एवढाच, की बैलगाडी उलाळ झाली तर जागेवर कळतं. कॅराव्हॅन उलाळ असली तरी चाळीसच्या वेगानं निमूट चालते आणि ऐंशीला शेपूट हलवायला लागते. मग एखादा ट्रॅव्हल्सवाला घासून पुढं जातो, त्याच्या वाऱ्याचा धक्का बसतो आणि मागचं घर डावी-उजवीकडं झुलायला लागतं. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा.

दांडीवर किती भार हवा? अमेरिकेत भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के धरतात, युरोपातल्या हलक्या कॅराव्हॅनना ५ ते ७ टक्के. गाडीच्या आणि हिचच्या (गाडीमागं कॅराव्हॅन अडकवायच्या जोडाच्या) मर्यादेत राहून हा भार जितका वरच्या आकड्याकडं ठेवता येईल तितका ठेवा. मोजायला ट्रकचा काटा कामाचा नाही, तो १०-२० किलोच्या टप्प्यानं आकडा दाखवतो. घरात माणसाचं वजन करायचा काटा असतो तो घ्या. सपाट जागेवर कॅराव्हॅनच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. काट्यावर लाकडाचा एक ओंडका उभा करा, गाडीला जोडल्यावर दांडी जेवढ्या उंचीवर असते त्याच मापाचा. दांडीचं तोंड त्यावर टेकवून पुढचं छोटं चाक वर उचलून घ्या आणि आकडा वाचा. उंची चुकली की आकडाही चुकतो.

आकडा कमी आला तर जड सामान आसाच्या वर आणि किंचित पुढं, खाली फरशीला लागून ठेवा. वरच्या कपाटात पापड ठेवावेत, कुकर नको. आणि मागच्या बंपरवर दोन सायकली टांगायची हौस सोडून द्या. आसापासून लांब असल्यानं त्यांचं ओझं त्यांच्या वजनापेक्षा जास्त भारी पडतं.

झुलणं सुरू झालंच तर ब्रेक दाबू नका आणि झोक्याच्या उलट स्टिअरिंग फिरवून सावरायलाही जाऊ नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, वेग आपोआप उतरू द्या. कॅराव्हॅनचे इलेक्ट्रिक ब्रेक गाडीतून हातानं लावता येत असतील तर फक्त तेवढे हळूच लावा. मग थांबून सामान हलवा.

इकडं पोरगं वयात आलं की ट्रॅक्टरला डबल ट्रॉली जोडून ऊस कारखान्यावर नेतं, त्यामुळं ‘ट्रॉली आयुष्यभर ओढली, हे काय’ असं म्हणणारे दाजी प्रत्येक घरात असतात. दाजींचा हात रिव्हर्सला पक्का असतो, त्याबद्दल वाद नाही. पण ट्रॅक्टरच्या वेगाला झुलण्याचा प्रश्न येतच नाही. महामार्गावर त्यांना आधी पन्नासवर चालवू द्या.

वेल्डिंगवाल्याचा हूक

गाडीला मागं जे ओढायचं कडं असतं ते बंद पडलेली गाडी खेचायला असतं, घर जोडायला नाही. आणि चौकातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून बंपरमागं अँगल वेल्ड करून हूक लावून घेणं म्हणजे स्वस्तात अपघात विकत घेणं. हिच चासीला, ठरलेल्या बोल्टांनी बसली पाहिजे आणि त्यावर वजनमर्यादा कोरलेली पाहिजे. खाली दोन साखळ्या एकमेकींवरून फुलीसारख्या लावा, म्हणजे हिच निसटली तरी दांडी डांबरावर न पडता साखळ्यांच्या झोळीत अडकते. स्वतःचे ब्रेक असलेल्या कॅराव्हॅनला तुटताक्षणी ब्रेक ओढणारी तारही असते. ती गाडीच्या पक्क्या भागाला बांधा, हिचच्या गोळ्याला नको.

कागदाचं थोडक्यात: ट्रेलर हे कायद्यानं वेगळं वाहन आहे, त्याला स्वतःची नोंदणी आणि विमा लागतो. उत्पादकाच्या मूळ नोंदीत बदल करणाऱ्या फेरफारांना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं; सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये तेच बजावलं. राज्यानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं म्हणून कुठलीही घरगुती बनावट रस्त्यावर चालेल असं नाही. पैसे मोजायच्या आधी आरटीओत विचारा.

घाट आणि वीज

पहिली लांबची सफर पूर्वेकडं करा. सांगलीहून सोलापूरकडं किंवा जतवरून विजयपूरकडं रस्ता बराचसा सपाट आहे, चुका पचतात. कुंभार्ली आणि आंबेनळी नंतर. पसरणी उतरताना उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका. पाय ब्रेकवर ठेवून उतरलात तर वाई यायच्या आत चाकांतून जळका वास येईल आणि पुढच्या वळणाला पेडल नरम लागेल. तेव्हा गार व्हायला अर्धा तास द्या, तापलेल्या चाकावर पाणी मारू नका.

‘बॅटरीवर रात्रभर एसी’ हे विकणाऱ्याचं वाक्य कागदावर मांडून बघा. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवर बॅटरी म्हणजे १२०० वॉट-अवर. लेड-ॲसिड असेल तर निम्मीच वापरायची, म्हणजे ६००. एक टनाचा एसी तासाला हजाराच्या आसपास घेतो. अर्धा तास गार, मग पंखा. पावसाळ्यात महाबळेश्वरला सोलर पॅनलचा भरवसाही धरू नका.

जुनी कॅराव्हॅन घेत असाल तर टायरची नक्षी बघून खूश होऊ नका. उभ्या-उभ्या रबर म्हातारं होतं. कडेला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

कासला फुलांच्या दिवसांत कॅराव्हॅन नेऊच नका. यवतेश्वरचा घाट अरुंद, गर्दी अफाट, आणि वळवायला जागा नाही. मागं घ्यायची वेळ आलीच तर स्टिअरिंग खालच्या बाजूला धरा. हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला कॅराव्हॅनची शेपटी जाते. तरीही काटकोनात अडकली आणि रस्ता सपाट असला तर लाज न बाळगता सगळ्यांना खाली उतरवा, चाकांना दगड लावा, हिच सोडवा आणि चौघांनी मिळून हातानं फिरवा. एकानं मात्र हँडब्रेकपाशीच उभं राहायचं.