आत-बाशी रायोनमध्ये क्षेत्रकार्य करताना: नव्या अभ्यासकांसाठी काही अनुभव

किर्गिझस्तानातील एखाद्या ग्रामीण तालुक्याचा अभ्यास करण्याचा विचार करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसाठी हे लिहीत आहे. आपल्याकडून तिकडे जाणारे बहुतेक विद्यार्थी वैद्यकीय शिक्षणासाठी बिश्केक किंवा ओश येथे राहतात. मी भूगोलाच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी नारिन ओब्लास्तमधील (म्हणजे प्रांतातील) आत-बाशी या रायोनमध्ये, म्हणजे तालुक्यात, गेले होते. चराऊ कुरणांचे व्यवस्थापन हा माझा विषय होता. तेथे जाण्यापूर्वी कोणी चार गोष्टी सांगितल्या असत्या, तर माझा पहिला महिना वाया गेला नसता.

प्रशासनाच्या रचनेपासून सुरुवात करते. देशात सात ओब्लास्त आहेत आणि बिश्केक व ओश या दोन शहरांना स्वतंत्र दर्जा आहे. ओब्लास्तच्या खाली रायोन येतो. रायोनचा प्रमुख तो अकिम. हा अधिकारी निवडून येत नाही, त्याची नेमणूक वरून होते. रायोनच्या खाली आयिल आयमाक असतो. आयमाक म्हणजे एक किंवा अधिक गावांचा मिळून झालेला ग्रामीण घटक. त्याचे कार्यकारी कार्यालय म्हणजे आयिल ओकमोतू, आणि गावकऱ्यांनी निवडून दिलेली सभा म्हणजे आयिल केनेश. एकेका गावाचा एक आयिल बाशी, म्हणजे गावप्रमुख, असतो तो वेगळा. नवा माणूस आयिल बाशी आणि ओकमोतूचा प्रमुख यांत हमखास गल्लत करतो. कागदावर सही-शिक्का हवा असेल तर ओकमोतूत जावे लागते. कोणाच्या घरी किती माणसे आहेत आणि त्यांतली कोण कामासाठी रशियात गेली आहेत, हे मात्र आयिल बाशीच सांगू शकतो.

मराठी माणसाला ही नावे लवकर लक्षात राहतात. अकिम म्हणजे आपला हाकीम आणि ओकमोतू या शब्दाच्या मुळाशी हुकूमत आहे. माहितीला तेथे ‘मालीमात’ म्हणतात, जो शब्द आपल्या जुन्या कागदपत्रांत मालूमात या रूपात भेटतो. शहराला ‘शार’, बातमीला ‘काबार’, दुकानाला ‘द्युक्योन’ आणि कांद्याला ‘पियाझ’ म्हणतात. फारसी-अरबीतून आलेला हा समान शब्दसाठा ओळख पटवायला फार उपयोगी पडतो. मी पहिल्या भेटीत असे पाच-सहा शब्द म्हणून दाखवत असे, आणि त्यानंतर समोरच्याचा सूर बदललेला जाणवत असे. लिपी मात्र सिरिलिक आहे आणि ती निघण्यापूर्वीच शिकून घ्यावी. रशियन वर्णमालेत नसलेली तीन अक्षरे किर्गिझमध्ये आहेत. त्यांतल्या एकाचा उच्चार आपल्या ‘ङ’सारखा आहे, त्यामुळे तो आपल्याला जड जात नाही. उरलेल्या दोन स्वरांना मात्र सराव लागतो.

आत-बाशी म्हणजे घोड्याचे डोके. तेथील स्थलनामे शब्द फोडून वाचावीत, कारण ती बहुतेक वेळा भूवर्णन करतात. आक म्हणजे पांढरे, कारा म्हणजे काळे, सू म्हणजे पाणी, ताश म्हणजे दगड, क्योल म्हणजे सरोवर, आर्त म्हणजे खिंड. आक-मुझ म्हणजे पांढरा बर्फ. बाश-कायिंदी आणि आचा-कायिंदी या दोन गावांच्या नावांत भूर्जवृक्ष आहे. मी स्थलनामांची एक वही वेगळी केली होती, आणि नकाशा समजून घेताना त्या वहीचा मला सर्वांत जास्त उपयोग झाला.

आता भूगोलाकडे येते. रायोनचे क्षेत्रफळ सुमारे १५ हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे साधारण आपल्या पुणे जिल्ह्याएवढे. पुणे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार ९४ लाखांहून अधिक लोक होते, तर आत-बाशीची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास आहे. रायोनचे मुख्य गाव समुद्रसपाटीपासून २,००० मीटरांहून उंचावर वसले आहे. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच आहे, यावरून या उंचीची कल्पना यावी. उत्तरेला नारिन-तू आणि दक्षिणेला आत-बाशी पर्वतरांग असून, बहुतेक गावे या दोहोंमधल्या खोऱ्यात आहेत. दक्षिणेकडच्या रांगेपलीकडे आक-साय आणि आर्पा ही विस्तीर्ण उंच खोरी आहेत. तेथे चालत जावे तितके गवतच गवत दिसते आणि कायमची वस्ती जवळजवळ नाहीच. त्याही पलीकडे चीनची सरहद्द आहे. तोरुगार्त ही ३,७५२ मीटर उंचीची खिंड याच रायोनमध्ये येते, आणि नारिनहून काशगरकडे जाणारा रस्ता तिच्यातून जातो. पंधराव्या शतकातली मानली जाणारी ताश-राबात ही दगडी सराई या जुन्या मार्गावरच आहे.

या रायोनमधले पाणी तीन वेगवेगळ्या ठिकाणी संपते, आणि भूगोलाच्या विद्यार्थ्याने इथे थोडे थांबून विचार करावा. आत-बाशी नदी नारिनला मिळते आणि पुढे सिर दर्याच्या रूपाने ते पाणी अरल समुद्राच्या दिशेने जाते. आर्पाचे पाणीही वळसा घेऊन शेवटी नारिनमध्येच येते. आक-साय नदी मात्र पूर्वेला वाहत चीनमध्ये शिरते आणि तारिमच्या खोऱ्यात जाते. साडेतीन हजार मीटरांवरच्या चातीर-क्योल सरोवराचे पाणी तर कोठेच जात नाही. पाणलोट एकीकडे आणि प्रशासकीय हद्द दुसरीकडे अशी ही स्थिती आहे. रायोनची सीमा खोऱ्याला धरून आखलेली असेल, हे माझे गृहीतक येथेच मोडले.

दुसरे गृहीतक मोडले ते अधिक महागात पडले. मी जुलैच्या पहिल्या आठवड्यात पोहोचले. हाती आयमाकनिहाय गावांची यादी, कुटुंबांच्या नमुना निवडीचा तक्ता आणि रशियन अनुवाद केलेली प्रश्नावली होती. पहिल्या गावात सलग अकरा घरांना कुलूप होते. बाराव्या घरात एक आजी आणि दोन लहान नातवंडे भेटली. बाकीचे सगळे जायलोवर, म्हणजे उन्हाळी कुरणांवर गेले होते. त्यांच्यामागे जावे म्हटले, तर त्यांतले बरेच जण आक-सायच्या बाजूला होते. तो भाग सीमाक्षेत्रात मोडतो, आणि तेथे परदेशी माणसाला वेगळा परवाना लागतो. तो मी काढलेला नव्हता. अर्जात मी एका ठिकाणाचे नाव चुकीचे लिहिले होते, त्यामुळे परवाना येईपर्यंत आणखी दोन आठवडे गेले. चूक पूर्णपणे माझी होती. उन्हाळ्यात विद्यापीठाला सुट्टी असते म्हणून मी उन्हाळा निवडला होता, आणि ज्या लोकांचा अभ्यास करायचा त्यांचे वर्ष कसे चालते हे विचारलेच नव्हते.

ते वर्ष मला एका मेंढपाळाने समजावून दिले. वयाने मोठ्या पुरुषाला ‘बायके’ आणि स्त्रीला ‘एजे’ म्हणण्याची रीत आहे, आणि मीही त्यांना बायके म्हणत असे. गावातल्या त्यांच्या घरी दस्तरखानावर, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या चादरीवर, चहा मांडलेला होता. मी त्यांच्यापुढे नकाशा पसरला. त्यांनी तो पाहिला, शांतपणे घडी घालून बाजूला ठेवला आणि साखरेचे चार खडे उचलले. पहिला खडा त्यांनी आपल्या पेल्याशेजारी ठेवला. तो किश्तो, म्हणजे हिवाळी जागा, जेथे वाऱ्याने बर्फ उडून जाते आणि गवत उघडे राहते. दुसरा वीतभर पुढे ठेवला. तो जाझदो, वसंतातली जागा, जेथे मेंढ्या वितात. तिसरा खडा त्यांनी हात लांबवून दस्तरखानाच्या टोकाशी, पावाच्या थप्पीपलीकडे ठेवला. तो जायलो होता, आणि ती पावाची थप्पी म्हणजे आत-बाशी रांग. चौथा, कुझदो म्हणजे शरदातली जागा, परतीच्या वाटेवर जाझदोजवळच आला. मग त्यांनी बोटाने एक फेरी पूर्ण केली आणि दुभाषी मुलीला म्हणाले, “हिला सांग, माझा पत्ता चार ठिकाणी आहे.” तो दस्तरखान मी तेव्हाच वहीत उतरवून घेतला. माझ्या प्रबंधाचा पहिला खरा नकाशा तोच ठरला.

आत-बाशीचे प्रशासन समजून घ्यायचे तर या चार खड्यांपासूनच सुरुवात करावी, असे माझे मत आहे. कुरणांची मालकी राज्याची आहे, ती खाजगी होत नाहीत. मात्र त्यांचा कारभार कोणाकडे असावा, हा प्रश्न या प्रदेशात वारंवार नव्याने सोडवला गेला आहे. सोव्हिएत काळात भटक्या कुटुंबांना कोलखोझमध्ये, म्हणजे सामूहिक शेतांवर, स्थिरावण्यात आले आणि कळपांची ने-आण त्यांच्या वेळापत्रकाने होऊ लागली. १९९१ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर ही शेते मोडली, जनावरे वाटली गेली आणि अनेक कुटुंबांनी ती विकून किंवा कापून ते दशक काढले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस देशात जवळपास एक कोटी मेंढ्या होत्या. काही वर्षांतच ती संख्या निम्म्याहून खाली आली. त्या काळात कुरणांचे तीन वर्ग होते. गावाजवळची कुरणे आयिल ओकमोतूकडे, मधली रायोनकडे आणि दूरची ओब्लास्तकडे होती. म्हणजे त्या बायकेंच्या चार खड्यांसाठी तीन कार्यालये होती. ज्यांच्याकडे थोडी जनावरे उरली होती, त्यांना दूरवर जाणे आणि तेथल्या भाडेपट्ट्याचे कागद जमवणे परवडत नसे. त्यामुळे गावाजवळचे गवत खरडून निघाले आणि उंचावरचे न चरलेलेच राहिले.

२००९ च्या कुरण कायद्याने हे तिन्ही वर्ग स्थानिक पातळीवर एकत्र आणले. कुरण वापरणाऱ्यांची संघटना आणि तिची जायीत (म्हणजे कुरण) समिती यांच्याकडे नियोजन आले. कोणत्या कळपाने कधी कोठे जायचे हे समिती ठरवते, आणि त्याबद्दल शुल्क घेऊन चराईचे तिकीट देते. कायद्यात पुढे बदल झाले आहेत, त्यामुळे जाण्यापूर्वी ताजी आवृत्ती मिळवून वाचावी. २०२४ मध्ये देशभर अनेक आयिल आयमाक एकमेकांत विलीन करण्यात आले, म्हणून जुनी आकडेवारी नव्या हद्दींना लावताना विशेष काळजी घ्यावी. त्याआधीच्या आणि नंतरच्या तक्त्यांत एकाच नावाचा आयमाक दोन वेगळी क्षेत्रे दाखवू शकतो.

समितीची नोंदवही पाहण्याची संधी मिळाली तर ती सोडू नका. मी पाहिलेल्या वहीत प्रत्येक कुटुंबापुढे मेंढ्या, गाई, घोडे आणि याक यांचे स्तंभ होते. घोड्यांचे आकडे शाईने लिहिलेले होते आणि मेंढ्यांचे पेन्सिलने. मी कारण विचारले तेव्हा समितीच्या कारकून बाई म्हणाल्या की मेंढ्यांची संख्या दर बाजाराला बदलते, घोडे मात्र कोणी सहज विकत नाही. आत-बाशीचा गुरांचा बाजार रविवारी पहाटे भरतो. मी त्यानंतर दर रविवारी तेथे जाऊ लागले, आणि प्रश्नावलीतून न मिळालेली बरीच उत्तरे मला त्या बाजाराच्या कुंपणाशी उभे राहून मिळाली.

प्रवास व निवासाबद्दल थोडक्यात सांगते. बिश्केकहून कोचकोर आणि तीन हजार मीटरांहून उंच दोलोन खिंडीमार्गे नारिन, आणि तेथून सामायिक टॅक्सीने तासाभरात आत-बाशी असा मार्ग आहे. नारिनमध्ये मध्य आशिया विद्यापीठाचा परिसर आहे आणि पर्वतीय समाजांवर संशोधन करणारी त्यांची संस्था आहे, म्हणून आपल्या विषयाची ओळख त्यांना आधी लिहून कळवावी. सोव्हिएत लष्करी सर्वेक्षणाचे एकास एक लाख प्रमाणाचे नकाशे अजूनही फार कामाचे आहेत, पण त्यांतली काही गावांची नावे स्वातंत्र्यानंतर बदलली आहेत. चातीर-क्योल, आक-साय किंवा क्योल-सू सरोवराकडे जायचे असल्यास सीमाक्षेत्राचा परवाना बिश्केकमध्ये असतानाच मागावा, आणि जायची शक्यता असलेल्या प्रत्येक ठिकाणाचे नाव अर्जात लिहावे. उंचीची सवय होईपर्यंत पहिले तीन दिवस चढ टाळावा. शाकाहारी असाल तर पाव, कायमाक म्हणजे दाट साय, मुरंबा, बटाटे आणि बोरसोक हे तळलेले पिठाचे तुकडे यांवर राहता येते, मात्र ते पहिल्याच दिवशी नम्रपणे सांगून ठेवावे, म्हणजे कोणी तुमच्यासाठी मेंढी कापायचा बेत करणार नाही. चहाचा पेला अर्धाच भरून देतात, तो यजमानीणबाईंना पुन्हा पुन्हा भरता यावा म्हणून. त्याला कंजूषपणा समजू नये.

माझ्या मते जाण्यासाठी दोन काळ योग्य आहेत. ऑक्टोबरमध्ये कळप खाली येतात, घरे भरलेली असतात, आणि अंगणात थंडीसाठी रचलेल्या शेणाच्या विटांच्या थप्प्या पाहून त्या घराकडे किती जनावरे आहेत याचा अंदाज बाहेरूनच बांधता येतो. झाडे फार नसल्याने कोळसा आणि शेण हेच इंधन आहे. दुसरा काळ मे महिन्याचा. तेव्हा जाझदोवर विणीचे दिवस संपत आलेले असतात आणि जायलोला कधी निघायचे यावर समितीच्या बैठका चालू असतात. मी दुसऱ्या वर्षी मे महिन्यात गेले तेव्हा ते बायके मेंढ्यांचे कळप मोजत होते. त्यांनी दुभाषी मुलीमार्फत विचारले की या वेळी परवाना आणला आहे का. मी तो काढून दाखवला. त्यांनी त्यावरची ठिकाणांची नावे एकेक करून मोठ्याने वाचली आणि शेवटच्या नावावर बोट ठेवून म्हणाले की आम्ही तेथे २० जूनला पोहोचू, तेव्हा ये.