गणपती गेले; आता खुराड्यात कोंबडा आणायचा का?

अनंत चतुर्दशी उलटली की पावसाचा जोर ओसरतो आणि खुराड्याखालची माती सुकू लागते. चार महिने अंग चोरून बसलेल्या कोंबड्या पुन्हा उकरायला लागतात. गोराई-मनोरी, मढ, वेसावे, आरेतले पाडे, वांद्र्याची जुनी गावठाणं, जिथे जिथे मागच्या दारी अजून पाच-दहा कोंबड्या आहेत, तिथे याच दिवसांत कोंबड्याचा विषय निघतो. वेळ बरोबरच आहे. आज आणलेला कोंबडा तीन आठवडे वेगळा ठेवायचा, मग कोंबड्यांत सोडायचा, पुढच्या दहा-पंधरा दिवसांनी अंडी उबवणीसाठी धरायची आणि २१ दिवस कोंबडीखाली ठेवायची. म्हणजे पिल्लं दिवाळीच्या आसपास किंवा त्यानंतर, कोरड्या हवेत निघतात. पावसात निघालेल्या पिल्लांना ओल बाधते, रक्ती हगवण लागते आणि निम्मी हातची जातात. तो धोका या बेतात नाही.

पण आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, वयात आली की कोंबडा असो-नसो, अंडं घालणारच. ‘कोंबडा आल्यापासून अंडी वाढली’ असं सांगणारे प्रत्येक वाडीत असतात. त्यांच्या कोंबड्या तेव्हा पावसाळ्यातून बाहेर पडत होत्या, एवढंच. अंड्यांची संख्या खाद्य, वय आणि उजेड यांवर ठरते. भरपूर अंड्यांसाठी कोंबडीला दिवसाचा १४ ते १६ तास उजेड लागतो आणि मुंबईत डिसेंबरचा दिवस जेमतेम ११ तासांचा. त्यामुळे थंडीत अंडी कमी झाली तर कोंबड्याला बोल लावू नका, आणि वाढवायची म्हणून त्याला आणूही नका. कोंबडा आणायचं खरं कारण एकच: तुम्हाला घरची पिल्लं हवीत.

खायच्या अंड्यांच्या बाबतीत तर मुंबईच्या हवेत कोंबडा थोडा अडचणीचाच ठरतो. फळलेलं, म्हणजे कोंबड्यामुळे पिल्लू निघण्याजोगं झालेलं अंडं साधारण २१ अंशांच्या वर राहिलं की आतला गर्भ हळूहळू वाढू लागतो, आणि आपल्याकडे ऑक्टोबरात पत्र्याखालची पडवी दुपारी त्याच्या किती तरी वर जाते. दोन-तीन दिवस खुराड्यात राहिलेलं अंडं फोडून बशीत घ्या. बलकावर पांढरा ठिपका असतो, तो प्रत्येक अंड्यात असतो. पण फळलेल्या अंड्यात त्याभोवती नीट गोल कडं दिसतं, आणि उन्हात राहिलेलं असेल तर ते पसरलेलं असतं. गिऱ्हाइकाला असं अंडं गेलं तर गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. म्हणून कोंबडा असेल तर अंडी दिवसातून दोनदा उचलायची आणि खायची ती थेट फ्रीजमध्ये. बलकाजवळ कधी रक्ताचा लाल ठिपका दिसतो, त्याचा मात्र कोंबड्याशी काही संबंध नाही. चवीत आणि पोषणातही फळलेल्या-न फळलेल्या अंड्यांत फरक नसतो, विकणारा काही का सांगेना.

आता आवाज. कोंबडा सूर्य पाहून आरवतो हा समज सोडून द्या. त्याच्या अंगात स्वतःचं घड्याळ असतं आणि तो उजाडायच्या बराच आधी सुरू होतो. त्यात आपल्या गल्ल्यांत रात्रभर दिव्याचा उजेड, मधेच रिक्षाचा झोत. तीन वाजताही बांग ऐकू येते. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि कोंबडा जवळून सहज नव्वदच्या वर जातो. गोराईत मागे वाडी असेल तर कुणी काही बोलणार नाही. पण जिथे घराला घर चिकटलेलं आहे, शेजारी रात्रपाळीची नर्स किंवा तान्हं बाळ आहे, तिथे कोंबडा आणण्याआधी शेजारच्या काकूंना विचारा, आणल्यावर नव्हे. सोसायटीत असाल तर आधी उपविधी पाहा आणि वॉर्ड ऑफिसातही विचारून घ्या. गच्चीवर कोंबडा ठेवण्याच्या भानगडीत पडूच नका. रात्री त्याला काळोख्या पेटीत कोंडून आवाज दबतो असं सांगतात. थोडा दबतो, पण आपल्या उकाड्यात बंद पेटीत तोच दगावतो. आवाज दाबायला गळ्याला पट्टा बांधणं तर नकोच. कोंबडीवर्गाला घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकूनच अंग थंड करावं लागतं.

कोंबड्या किती आहेत हेही मोजा. एका कोंबड्यामागे आठ ते दहा हव्यात. तीन-चार कोंबड्यांत एक तगडा कोंबडा सोडला की तो त्याच त्याच अंगावर चढतो. पाठीवरची पिसं मधेच तुटतात, नुसते देठ उरतात, मग कातडं उघडं पडतं आणि पायामागच्या काट्याने पंखाखाली चीर जाते. या दिवसांत पिसं तशीही झडतात, पण ती मानेपासून सुरू होतात आणि जागी नवे कोंब दिसतात. फक्त पाठ आणि डोक्याचा मागचा भाग सोलल्यासारखा दिसला तर दोष कोंबड्याचा. वनराजासारख्या सुधारित जातीचा जड कोंबडा सव्वा किलोच्या गावरान कोंबड्यांत सोडणं हा मला सरळ अन्याय वाटतो.

राखणीचा मुद्दा लोक फार पुढे करतात. घार दिसली की कोंबडा विशिष्ट ओरडतो आणि सगळ्या आडोशाला पळतात, हे खरं आहे. मुंगसालाही तो कधी तोंड देतो. पण रात्री त्यालाही दिसत नाही, आणि घूस, उदमांजर, आरे-मुलुंडकडे बिबट्या हे सगळे रात्रीचे. कोंबड्याच्या पैशात अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी आणि दाराला कडी लावली तर राखण जास्त होते.

ज्यांच्याकडे सहा-सात कोंबड्या आहेत आणि वर्षातून एकदाच पिल्लं हवीत, त्यांना माझा सल्ला: कोंबडा आणू नका, अंडी आणा. आपली गावरान कोंबडी खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडून बसली, की उत्तन, मनोरी किंवा वसईच्या नातेवाइकांकडून, जिथे कोंबडा आहे तिथून, चार-पाच दिवसांच्या आतली, फ्रीजमध्ये न ठेवलेली दहा-बारा अंडी आणून रात्री तिच्याखाली सरकवा. सातव्या दिवशी अंधारात मागे टॉर्च धरून पाहा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवा, स्वच्छ असेल ते काढा. तुमच्याकडे पांढऱ्या लेअर (फक्त अंड्यांसाठी पाळतात त्या) किंवा ग्रामप्रिया, वनराजा अशा सुधारित जाती असतील तर त्या सहसा खुडूक बसत नाहीत. तेव्हा आरे कॉलनीतल्या केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेच्या केंद्रात सुधारित पिल्लांची चौकशी करणं सोपं.

तरीही कोंबडाच हवा असेल, तर चिकनच्या दुकानातल्या पिंजऱ्यातून घेऊ नका. तिथे दहा ठिकाणचे पक्षी एकत्र आलेले असतात. सहा-आठ महिन्यांचा, लालभडक तुऱ्याचा, नाक-डोळे कोरडे, पायाचे खवले सपाट बसलेला पाहा. शेपटीखालची पिसं फुंकून उवा आहेत का बघा. माणसाच्या अंगावर धावून येणारा कितीही देखणा असला तरी नको, घरात लहान मूल असेल तर नकोच नको. आपल्याच कोंबड्यांचा भाऊ नसावा. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस कधी दिली ते विचारा. विकणारा गप्प बसला तर पशुवैद्यांकडून देऊन घ्या. तीन आठवडे तो घराच्या दुसऱ्या बाजूला, वेगळ्या भांड्यांत ठेवा आणि त्याचं खाणं-पाणी, साफसफाई बाकीच्यांनंतर करा, म्हणजे हातापायांबरोबर रोग जाणार नाही. नंतर चार दिवस मधे जाळी ठेवून एकमेकांना दिसू द्या, आणि सोडताना संध्याकाळी दांडीवर बसवा. पुढे एकदम दोन-चार पक्षी मेले तर पुरू-फेकू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. बर्ड फ्लू आपण २००६मध्ये नवापुरात आणि २०२१मध्ये परभणीत पाहिला आहे.

खाद्यात एक बदल करावा लागतो. लेअरच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. कोंबडा अंडी घालत नाही, ते त्याच्या मूत्रपिंडाला जड जातं. सगळ्यांना ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचं) खाद्य, तांदळाची कणी, थोडी सुक्या मासळीची कुटी द्या आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या भाजून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवा. ज्या कोंबडीला गरज, ती खाईल.

आणि निघालेल्या पिल्लांत निम्मे नर असणार, हे अंडी ठेवतानाच लक्षात घ्या. चार-पाच महिन्यांत तेही आरवू लागतात, आपसात भांडतात. नोव्हेंबरातले गावरान नर चैत्रात एकवीरेच्या जत्रेच्या सुमारास किलोभर भरतात, तेव्हा गिऱ्हाईक आपण होऊन दारात येतं. श्रावणापर्यंत थांबलात तर तेच कमी भावात द्यावे लागतील. झुंजीसाठी मागायला कोणी आलं तर देऊ नका, पक्षी झुंजवणं कायद्याने गुन्हा आहे.