घरटं-पेटी घेताना आधी भोक मोजा

पक्ष्यांसाठी पेटी घेताना लोक रंग बघतात, छप्पर बघतात, आणि भोक मात्र कुणी मोजत नाही, खरा खेळ तर तिथेच आहे. उत्तर अमेरिकेत युरोपियन स्टार्लिंग आणि घरचिमणी हे दोन्ही बाहेरून आणलेले पक्षी, (हो, आपली साधी चिमणीच, तिकडे ती दादागिरी करते) ते ब्लूबर्डसारख्या स्थानिक पक्ष्यांच्या पेट्या बळकावतात, चिमणी तर अंडी फोडते, पिल्लंही मारते.

भोक गोल आणि ३८ मिमी असेल तर ब्लूबर्ड आत जातो, स्टार्लिंग बाहेरच राहतो. चिमणी मात्र यातून आरामात घुसते. तिला अडवायचं तर २८ मिमी लागतं, पण मग ब्लूबर्डही बाहेरच, रेन किंवा चिकडीसारखे छोटे पक्षीच येतात, त्यामुळे पक्षी आधी ठरवा आणि पेटी नंतर घ्या.

भोकाखाली बसायला दांडी लावलेली पेटी दिसायला गोड, पण घेऊ नका. पेटीत राहणाऱ्या पक्ष्यांना ती लागतच नाही, उलट त्रास देणाऱ्याला आयती बैठक मिळते. भोकाभोवती धातूची चकती असलेली घ्या, नाहीतर खार किंवा सुतारपक्षी लाकूड कुरतडून ३८ चं ४५ करून ठेवतात आणि मग स्टार्लिंगला दार उघडंच.

आणि एक बाजू उघडणारी असावी, म्हणजे आत कोण राहायला आलंय ते दर आठवड्याला बघता येतं. ब्लूबर्डसाठी असेल तर घरांपासून लांब, मोकळ्या गवताळ जागी लावा, चिमण्या माणसांच्या आसपासच जास्त असतात.