घेतलं बिलं फाडायला, लावलं मिल सांभाळायला: पगार कसा मागायचा

लातूरच्या एका डाळमिलमध्ये मी 2019 ला लागले. काम बिलं फाडायचं, पगार नऊ हजार. पाच वर्षांत पगार बारावर गेला आणि कामांची तर मोजदादच राहिली नाही. टॅलीतला हिशोब, जीएसटी, ई-वे बिल (माल गाडीनं नेताना लागणारं ऑनलाइन बिल), ट्रान्सपोर्टवाल्याशी हुज्जत, हमालांचा आठवड्याचा हिशोब, बारदाना, आणि एकदा मालकांच्या पुतण्याचा कॉलेजचा फॉर्मसुद्धा. "ताई, एवढं बघून घ्या." हे चार शब्द लई महागात पडतात.

पहिल्यांदा पगारवाढ मागितली ती दिवाळीत, वहीपूजनाच्या दिवशी, चारचौघांत. मालक हसले, मिठाईच्या पुड्यावर पाचशेची नोट ठेवली. ती घेतली आणि विषय तिथंच मिटला. दिवाळीला मिळते ती बक्षिसी, म्हणून दिवाळीत मागू नका. जानेवारीत नवी तूर आल्यावरही नको, मालक सौद्यावर असतात, त्यांना पाणी प्यायला वेळ नसतो. डिसेंबर बरा. जुना माल उरकत आलेला असतो, नवा यायचा असतो, आणि पुढचे चार महिने तुमच्यावाचून भागणार नाही हे त्यांनाही ठाऊक असतं. तुमच्या धंद्याचा डिसेंबर कोणता, ते तुम्ही ओळखा.

त्याआधी दोन महिने वही लिहा. तारीख, काम, किती वेळ लागला, आणि चौथा रकाना महत्त्वाचा: हे काम खरं कुणाचं. मी औशाहून येते, रोज सकाळी एसटीत बसल्या बसल्या आदल्या दिवसाचं लिहायचे. एक नोंद अशी आहे: "रात्री 11.40. टेंभुर्णीजवळ गाडीचा एक्सल तुटला. माल दुसऱ्या गाडीत घातला. ई-वे बिलाच्या पार्ट बी मध्ये नवा गाडी नंबर टाकला. 35 मिनिटं. काम: डिस्पॅचवाल्याचं." त्या रात्री पीठ मळलेल्या हातानं फोन धरला होता, ड्रायव्हर पलीकडून म्हणत होता, "ताई, नंबर टाकल्याबिगर गाडी हलवत नसतो मी." त्याचं बरोबरच होतं, वाटेत गाडी धरली असती तर दंड पडला असता. पण डिस्पॅचवाला, म्हणजे माल रवाना करणारा, नोकरी सोडून आठ महिने झाले होते आणि त्याच्या जागी कुणी घेतलंच नव्हतं. हे मलाही वही लिहायला लागल्यावरच नीट दिसलं. एका माणसाचा अख्खा पगार वाचत होता.

मग बाहेरचा भाव काढा. जीएसटीची महिन्याची विवरणपत्रं, जीएसटीआर-1 महिन्याच्या 11 तारखेला, 3बी 20 तारखेला, भरायचं हे काम बाहेर दिलं तर किती पडतं ते मी दोन टॅक्सवाल्यांना विचारलं. महिन्याला दीड-दोन हजार म्हणाले. "मी लई राबते" यावर मालक म्हणतात, "आम्ही काय झोपतो का?" आकड्यावर तसं म्हणता येत नाही.

कायद्याचं एवढं माहीत असू द्या. किमान वेतन अकुशल, अर्धकुशल, कुशल असं ठरतं आणि महाराष्ट्रात त्यावरचा विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलतो. काम बदललं असेल तर तुमचा वर्गही बदललेला असू शकतो, जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात तक्ता बघायला मिळतो. किमान वेतनापेक्षा कमी पगारावर सही केली असली तरी तो करार चालत नाही. आठवड्याला 48 तासांच्या वर गेलेल्या कामाला दुप्पट दर आहे. हे सगळं डोक्यात ठेवा, पहिल्याच बैठकीत टेबलावर आपटू नका. लहान गावात नोकरी सुटल्याची बातमी पुढच्या मिलपर्यंत दुपारच्या चहाआधी पोचते.

आणि ओटीपी! जीएसटी पोर्टलचा, बँकेचा, सगळे माझ्याच नंबरवर यायचे. कुणी म्हणालं, हेच धरून अडवा. अजिबात नको. मी उलट तो नंबरच बदलून मागितला. उद्या काही घोळ झाला तर नाव आपलं येतं.

बोलायला गेले ते दुपारी चारला, चहानंतर, एकटी. वही उघडी ठेवली आणि म्हणाले, "मालक, ही दोन कामं माझी नाहीत. डिस्पॅचला माणूस घ्या, जीएसटी बाहेर द्या, मी बाराहजारात बिलं बघते. नाहीतर अठरा करा, मीच बघते." ते बराच वेळ पानं चाळत बसले. टेंभुर्णीच्या नोंदीवर बोट ठेवून म्हणाले, "हे मला कुणी सांगितलंच नाही." मी गप्प राहिले. असं गप्प राहणं मला सगळ्यात जड गेलं, पण आपणच घाईनं "नाही, तसं काही नाही" म्हणालो की दोन हजार तिथंच गेले.

साडेपंधरा ठरले आणि जीएसटी बाहेर गेलं. "हंगाम झाल्यावर बघू" असं आधी म्हणाले होते, तेव्हा मी तारीख विचारली. घरी जाताना व्हॉट्सअ‍ॅप केलं: "मालक, आज ठरल्याप्रमाणे जानेवारीपासून 15,500, जीएसटी बाहेर. धन्यवाद." रात्री उत्तरात नुसता अंगठा आला. फेब्रुवारीत जानेवारीचा पगार बाराच जमा झाला, तेव्हा मी काही न बोलता त्यांनाच तो मेसेज पुन्हा पाठवला. संध्याकाळपर्यंत साडेतीन हजार आले.